लहान खनिज-गुंतवणूक कंपनी नवे शेअर का काढते आणि भागधारकाने काय तपासावे

खनिजे, धातू किंवा तेल-वायू या क्षेत्रांत पैसे गुंतवणारी एखादी लहान सूचीबद्ध कंपनी नवे शेअर काढत असल्याचे जाहीर करते, तेव्हा नवख्या भागधारकाच्या मनात सर्वांत आधी येतो तो प्रश्न म्हणजे आपला हिस्सा कमी झाला का. त्याचे उत्तर जवळजवळ नेहमीच होकारार्थी असते. पण तेवढ्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही. कंपनीने प्रत्येक नव्या शेअरच्या बदल्यात नेमके काय मिळवले आणि ते जुन्या प्रत्येक शेअरमागे आधीपासून असलेल्या मालमत्तेपेक्षा कमी आहे की जास्त, हे तपासले तरच भागधारकाचे नुकसान झाले की फायदा हे कळते. ही तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे पुढे सांगितले आहे.

पायरी १: कंपनीकडे पैसा येतो कुठून, हे आधी समजून घ्या

लहान खनिज-गुंतवणूक कंपनी बहुधा स्वतः खाण चालवत नाही. ती इतर शोध कंपन्यांचे शेअर, खनिज शोधण्याच्या एखाद्या परवान्यातील ठरावीक टक्के हिस्सा, भविष्यातील उत्पादनावरील रॉयल्टी किंवा असूचीबद्ध कंपन्यांमधील भांडवल धारण करते. यांपैकी बहुतेक मालमत्ता वर्षानुवर्षे एक पैसाही उत्पन्न देत नाही. शोधाच्या टप्प्यावरील कंपनी लाभांश देत नाही, आणि रॉयल्टी प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाल्यावरच मिळू लागते. खर्च मात्र थांबत नाही. शेअर बाजाराचे शुल्क, लेखापरीक्षण, कायदेशीर सल्ला, संचालकांचे मानधन, भूवैज्ञानिकांची फी आणि परवाने जिवंत ठेवण्यासाठीची वार्षिक देयके नियमितपणे भरावीच लागतात.

मग बँकेकडून कर्ज का घेतले जात नाही, असे कोणीही विचारेल. कर्ज देणाऱ्याला व्याज फेडण्याइतकी नियमित आवक किंवा विकता येईल असे तारण हवे असते, आणि अशा कंपनीकडे दोन्ही नसतात. ज्या परवान्यात अजून खनिजसाठा सिद्ध झालेला नाही, तो तारण म्हणून कोणतीही बँक स्वीकारत नाही. कर्ज मिळालेच, तर ते बहुधा परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या रूपात मिळते, म्हणजे पुढे त्याचेही शेअरच होतात.

हातातील गुंतवणूक विकून पैसे उभारणे हा पर्याय कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात असूचीबद्ध हिश्शाला गिऱ्हाईक शोधायला महिने लागतात, आणि सूचीबद्ध लहान कंपनीतील मोठा हिस्सा रोजच्या तुटपुंज्या उलाढालीत विकायला काढला, तर विक्रीच्या दबावानेच त्याचा भाव कोसळतो. त्यामुळे चांगली गुंतवणूक पडत्या भावाने विकायची की स्वतःचे नवे शेअर काढायचे, हा पेच संचालकांपुढे वारंवार उभा राहतो. माझ्या मते नवे शेअर काढण्याचा निर्णय योग्य की अयोग्य, हे या पेचाशी ताडून पाहिल्याशिवाय ठरवू नये. केवळ शेअरची संख्या वाढली म्हणून संचालकांना दोष देणे अन्यायाचे आहे.

पायरी २: घोषणेतून खरे कारण शोधून काढा

घोषणेत ‘खेळत्या भांडवलासाठी आणि नव्या संधींसाठी’ असे मोघम वाक्य बरेचदा असते. त्यावर न थांबता पूर्ण मजकूर वाचावा, कारण नवे शेअर काढण्याची कारणे एकमेकांपासून फार वेगळी असतात आणि त्यांचे परिणामही वेगळे होतात.

पहिले कारण निव्वळ दैनंदिन खर्चाचे असते. यात पैसे कंपनीत येतात आणि काही महिन्यांत संपतात. मागे कोणतीही नवी मालमत्ता उरत नाही. अशी उभारणी अधूनमधून अपरिहार्य असते, पण दरवर्षी तीच ती होत असेल, तर कंपनीचा प्रशासकीय खर्च तिच्या आकाराला पेलणारा नाही, असे समजावे.

दुसरे कारण आधीच्या गुंतवणुकीचे रक्षण हे असते, आणि नवखे वाचक नेमके याकडेच दुर्लक्ष करतात. संयुक्त प्रकल्पात खर्चाचा वाटा भरण्याची मागणी आली आणि कंपनीने तो भरला नाही, तर करारानुसार प्रकल्पातील तिचा हिस्सा घटतो. अनेक करारांत तो ठरावीक पातळीखाली गेला की त्याचे रूपांतर केवळ एका छोट्या रॉयल्टीत होते. टप्प्याटप्प्याने हिस्सा मिळवण्याच्या करारातही हेच लागू असते. ठरलेल्या मुदतीत ठरलेला खर्च केला, तरच ५१ किंवा ७० टक्के हिस्सा मिळणार असेल, तर शेवटचा टप्पा चुकवल्यास आधी घातलेला पैसाही वाया जाऊ शकतो. कंपनीच्या पातळीवरचा हिस्सा थोडा घटवून प्रकल्पाच्या पातळीवरचा हिस्सा टिकवणे हा अशा वेळी शहाणपणाचा व्यवहार असू शकतो. म्हणून शेअरची संख्या वाढली एवढेच पाहणारा वाचक प्रकल्पात काय टिकले हे पाहायचे विसरतो.

तिसरे कारण म्हणजे शेअर हेच खरेदीचे चलन म्हणून वापरणे. कंपनी एखाद्या परवान्याच्या मालकाला रोख रकमेऐवजी स्वतःचे नवे शेअर देते. यात रोकड वाचते आणि विक्रेताही पुढील यशापयशात भागीदार होतो. अशा व्यवहारात विक्रेत्याला मिळालेले शेअर किती काळ विकता येणार नाहीत, हे जरूर पाहावे. असे बंधन नसेल, तर विक्रेता ते शेअर लगेच बाजारात ओतू शकतो. घेतलेल्या मालमत्तेची किंमत कोणी आणि कशाच्या आधारे ठरवली, हेही पाहावे. खनिजसाठ्याचे आकडे ऑस्ट्रेलियाच्या जोर्क संहितेनुसार किंवा कॅनडाच्या ४३-१०१ या नियमानुसार, सक्षम तज्ज्ञाच्या जबाबदारीवर दिलेले असतील, तर त्यांना वजन असते. जोर्क संहिता १९८९ मध्ये आली. कॅनडाचा नियम २००१ मध्ये लागू झाला. त्याआधी १९९७ मध्ये कॅनडाच्या ब्रे-एक्स या कंपनीने इंडोनेशियातील बुसांग येथे असल्याचा दावा केलेला सोन्याचा साठा नमुन्यांत बाहेरून सोने मिसळून उभा केलेला बनाव निघाला होता. या नियमांत न बसणारे जुने किंवा ऐकीव आकडे खरेदीच्या किमतीचा आधार म्हणून मुळीच मान्य करू नयेत.

याखेरीज काही शेअर जुन्या बांधिलकीतून निघतात. वॉरंटधारक (वॉरंट म्हणजे ठरावीक मुदतीत ठरलेल्या किमतीला नवे शेअर घेण्याचा हक्क) ठरलेली किंमत भरून नवे शेअर घेतात, परिवर्तनीय कर्जरोख्यांचे शेअरमध्ये रूपांतर होते, सल्लागारांचे बिल किंवा संचालकांचे थकलेले मानधन शेअर देऊन भागवले जाते. वॉरंटचा वापर बहुधा चालू भाव वॉरंटच्या किमतीच्या वर गेल्यावर होतो, त्यामुळे त्यातून येणारा पैसा कंपनीला फारशा खटपटीविना मिळतो. देणी भागवण्यासाठी दिलेल्या शेअरमधून मात्र तिजोरीत काहीच येत नाही. रोकड वाचते इतकेच.

उभारणीच्या वेळेकडेही लक्ष असावे. खनिज क्षेत्रातील भांडवल लाटांसारखे येते. २०११ नंतर धातूंच्या किमती घसरत गेल्या आणि २०१६ च्या सुरुवातीपर्यंत लहान कंपन्यांना पैसा मिळणे फार कठीण झाले होते. हा अनुभव असलेले संचालक बाजार अनुकूल असताना, तातडीची गरज नसतानाही, पैसे उभारून ठेवतात. तिजोरी भरलेली असताना चढ्या भावाने शेअर काढणारी कंपनी मला तिजोरी रिकामी झाल्यावर पडत्या भावाने काढणाऱ्या कंपनीपेक्षा अधिक जबाबदार वाटते.

पायरी ३: कागद घेऊन स्वतः आकडेमोड करा

लंडनच्या एम (AIM) या लहान कंपन्यांसाठीच्या शेअर बाजारात सूचीबद्ध असलेली एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे ५० कोटी शेअर आहेत, बाजारभाव २ पेन्स (१०० पेन्स म्हणजे १ पौंड) आहे आणि म्हणून बाजारमूल्य १ कोटी पौंड आहे. तिच्याकडील गुंतवणूक आणि रोकड यांची बेरीज करून देणी वजा केल्यावर निव्वळ मालमत्ता १ कोटी २० लाख पौंड उरते, म्हणजे प्रत्येक शेअरमागे २.४० पेन्स.

आता कंपनी १.६ पेन्स दराने ६ कोटी २५ लाख नवे शेअर काढून १० लाख पौंड उभारते. एकूण शेअर ५६ कोटी २५ लाख होतात. ज्याच्याकडे ५० लाख शेअर, म्हणजे १ टक्का हिस्सा होता, त्याचा हिस्सा आता सुमारे ०.८९ टक्के राहतो. दलालाचे आणि कायदेशीर कामाचे शुल्क ६० हजार पौंड धरले, तर तिजोरीत ९ लाख ४० हजार पौंड येतात आणि निव्वळ मालमत्ता १ कोटी २९ लाख ४० हजार पौंड होते. तिला नव्या शेअरसंख्येने भागले की प्रत्येक शेअरमागे २.३० पेन्स येतात.

म्हणजे हिश्शाची टक्केवारी सुमारे ११ टक्क्यांनी घटली, पण प्रत्येक शेअरमागील मालमत्ता सुमारे ४ टक्क्यांनीच घटली. भागधारकाने मोजलेली खरी किंमत ही ४ टक्के आहे, आणि हा पैसा जेथे गुंतवला जाणार आहे तेथून ती भरून निघेल का, एवढाच प्रश्न उरतो. हेच शेअर ३ पेन्सने, म्हणजे प्रत्येक शेअरमागील मालमत्तेपेक्षा चढ्या दराने काढले असते, तर टक्केवारी घटूनही प्रत्येक जुन्या शेअरमागील मालमत्ता वाढली असती.

या हिशेबाचा पाया मात्र निव्वळ मालमत्तेच्या आकड्यावर उभा असतो आणि तो आकडा नेहमी तितकाच भक्कम नसतो. सूचीबद्ध शेअरचे मूल्य बाजारभावाने काढले जाते. असूचीबद्ध हिश्शाचे मूल्य संचालक अंदाजाने ठरवतात, अनेकदा त्या कंपनीने शेवटच्या वेळी ज्या किमतीला पैसे उभारले त्या किमतीवरून. आंतरराष्ट्रीय लेखा मानकांनुसार अशी मूल्ये ‘स्तर ३’ या गटात दाखवावी लागतात. वार्षिक अहवालातील टिपणांत या गटात एकूण मालमत्तेपैकी किती भाग आहे, हे शोधावे. तो मोठा असेल, तर वरील हिशेब त्या मूल्यात कपात धरून पुन्हा करावा.

पायरी ४: सवलत आणि सोबत दिलेले वॉरंट एकत्र मोजा

चालू भावापेक्षा कमी दराने शेअर देणे हे लहान कंपन्यांत नेहमीचे आहे. गुंतवणूकदार एका दिवसात मोठी रक्कम घालतो, जोखीम घेतो आणि ते शेअर त्याला सहज विकता येत नाहीत. सवलत हा त्याचा मोबदला असतो. पण घोषणेत ठळक दिसणारी सवलत ही संपूर्ण किंमत नसते. वरील उदाहरणात सवलत २० टक्के आहे. त्यासोबत दर दोन शेअरमागे ३ पेन्सने वापरता येणारा एक वॉरंट दिला असेल, तर पुढे आणखी ३ कोटी १२ लाख ५० हजार शेअर निघू शकतात. ते सर्व वापरले गेले तर कंपनीला ९ लाख ३७ हजार ५०० पौंड मिळतील, शेअरची संख्या ५९ कोटी ३७ लाख ५० हजार होईल आणि आपल्या भागधारकाचा हिस्सा ०.८४ टक्क्यांवर येईल.

वॉरंटचा दुसरा परिणाम कमी दिसतो. नवे शेअर घेणारे काही जण शेअर लगेच विकून आपले पैसे मोकळे करतात आणि वॉरंट जवळ ठेवतात. त्यामुळे नव्या शेअरची नोंदणी झाल्यानंतरचे काही आठवडे भाव दबून राहू शकतो, आणि पुढे भाव वॉरंटच्या किमतीजवळ पोहोचला की विक्री वाढते. म्हणून वॉरंटची किंमत, मुदत आणि भाव ठरावीक पातळीवर सलग काही दिवस राहिल्यास ते लवकर वापरायला लावण्याचे कलम आहे का, या तीनही गोष्टी टिपून ठेवाव्यात. असे कलम कंपनीच्या हिताचे असते, कारण त्यामुळे चढत्या बाजारात पैसा हमखास आत येतो.

ब्रिटनमध्ये कंपनी कायदा २००६ नुसार दर्शनी मूल्यापेक्षा, म्हणजे शेअरवर नोंदलेल्या मूळ किमतीपेक्षा, कमी दराने शेअर काढता येत नाही. भाव त्याखाली गेलेल्या कंपन्या म्हणूनच प्रत्येक शेअरचे कमी दर्शनी मूल्याचा सामान्य शेअर आणि जवळजवळ कोणतेही हक्क नसलेला विलंबित शेअर असे दोन भाग करतात. अशा फेररचनेचा प्रस्ताव सभेपुढे आला, की लवकरच नवे शेअर निघण्याची शक्यता धरून चालावे. अनेक जुने शेअर एकत्र करून एक शेअर देण्याच्या प्रस्तावानंतरही तसे घडताना दिसते, जरी प्रत्येक वेळी घडेलच असे नाही.

पायरी ५: संचालकांना परवानगी किती आहे ते पाहा

ब्रिटनमध्ये शेअर वाटपाचा अधिकार संचालकांना भागधारकांच्या साध्या ठरावाने द्यावा लागतो, आणि रोख रकमेसाठी काढलेले शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करण्याचा कायदेशीर हक्क बाजूला ठेवायचा असेल, तर ७५ टक्के मतांचा विशेष ठराव लागतो. वार्षिक सभेच्या सूचनेत हे दोन ठराव ठरलेल्या जागी छापलेले असतात आणि बहुतेक लहान भागधारक ते न वाचता सोडून देतात. माझा आग्रह आहे की ते वाचावेत, कारण पुढील वर्षभरात किती शेअर निघू शकतात याची कमाल मर्यादा तेथेच ठरते आणि मत देण्याची खरी संधी तीच असते.

ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात भागधारकांच्या मंजुरीविना १२ महिन्यांत मूळ भांडवलाच्या १५ टक्क्यांपर्यंत शेअर काढता येतात. पात्र लहान कंपन्यांना वार्षिक सभेतील विशेष ठरावाने आणखी १० टक्क्यांची मुभा मिळते, पण त्या जादा शेअरची किंमत अलीकडील १५ व्यवहार-दिवसांच्या, उलाढालीनुसार भारित सरासरी भावाच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. कॅनडात खासगी वाटपातून मिळालेले शेअर सहसा चार महिने विकता येत नाहीत, त्यामुळे तेथे ही मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेत नोंदवून ठेवणे उपयोगाचे असते.

नव्या शेअरमध्ये संचालकांनी स्वतः किती पैसे घातले, हेही घोषणेत असते. त्यांनी इतरांइतक्याच दराने, रोख रकमेने आणि आपल्या मानधनाच्या मानाने लक्षणीय रक्कम घातली असेल, तर तो चांगला संकेत आहे. थकलेल्या मानधनाच्या बदल्यात घेतलेले शेअर मात्र या हिशेबात धरू नयेत.

पायरी ६: आपल्याला सहभागी होता येते का, ते ठरवा

दलालामार्फत निवडक गुंतवणूकदारांना होणाऱ्या वाटपात लहान भागधारकाला बहुधा जागा नसते. काही कंपन्या त्याच दराने छोट्या गुंतवणूकदारांसाठी वेगळा भाग ठेवतात, आणि ही पद्धत मला न्याय्य वाटते. जुन्या भागधारकांना हिश्शाच्या प्रमाणात शेअर देऊ केले असतील, तर तो राइट्स इश्यू आहे की ओपन ऑफर, हे नीट पाहावे. राइट्स इश्यूमध्ये न वापरलेल्या हक्काला किंमत असते; तो सहसा विकता येतो. ओपन ऑफरमध्ये न वापरलेला हक्क मुदत संपताच मोबदल्याविना जातो. दोन्हींत मुदत थोडी असते आणि शेअर एखाद्या मध्यस्थाच्या खात्यात असतील, तर त्या मध्यस्थाची अंतिम तारीख कंपनीच्या तारखेच्या काही दिवस आधीची असते. सहभागी व्हायचे की नाही, हे तिसऱ्या पायरीतील आकडेमोड समोर ठेवून ठरवावे. केवळ सवलत मिळते म्हणून आधीच मोठी असलेली गुंतवणूक आणखी वाढवू नये.

पायरी ७: पैसे आल्यानंतरचा हिशेब ठेवा

घोषणेच्या शेवटी नव्या शेअरच्या नोंदणीची तारीख आणि एकूण मतदान-हक्कांचा, म्हणजे बहुधा एकूण शेअरसंख्येचा, नवा आकडा दिलेला असतो. तो आकडा आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा आणि मागील पाच वर्षांच्या वार्षिक अहवालांतून असेच आकडे काढून त्याखाली मांडावेत. शेजारच्या रकान्यात त्या त्या वर्षी प्रत्येक शेअरमागे किती निव्वळ मालमत्ता होती ते लिहावे. शेअरची संख्या तिप्पट झाली आणि दुसऱ्या रकान्यातील आकडा टिकून राहिला किंवा वाढला, तर संचालकांनी भांडवल चांगले वापरले आहे. तो सतत उतरत असेल, तर पुढच्या घोषणेतील प्रकल्प कितीही आकर्षक दिसला, तरी हाच उतार पुढे चालू राहील असे गृहीत धरावे.

रोकड किती काळ पुरेल, हेही याच वहीत लिहावे: हातातील रोकड भागिले तिमाही खर्च. ऑस्ट्रेलियातील शोध कंपन्यांना तिमाही रोकड-अहवालात पैसा अंदाजे किती तिमाह्या पुरेल हे स्वतःच सांगावे लागते आणि दोन तिमाह्यांपेक्षा कमी पुरणार असेल, तर पुढील पैशाची सोय काय केली आहे याचा खुलासाही करावा लागतो. लंडनच्या एम बाजारात मात्र सहामाही निकालांसाठी तीन महिने आणि वार्षिक हिशेबांसाठी सहा महिने मुदत असल्याने हा आकडा हातात येईपर्यंत बराच जुना झालेला असतो; तेथे शेवटच्या निकालातील रोकड घेऊन तिच्यातून दर महिन्याचा सरासरी खर्च वजा करत आजच्या तारखेपर्यंत यावे, आणि मधल्या काळात जाहीर झालेल्या गुंतवणुकी वेगळ्या वजा कराव्यात. उरलेली रक्कम सहा महिन्यांच्या खर्चापेक्षा कमी निघाली, तर आपल्याकडील शेअर वाढवण्याचा विचार पुढील उभारणीची किंमत जाहीर होईपर्यंत थांबवावा.